भूस्तरांचे वाचन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या वर्षीच्या संमेलनात एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत, असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. शास्त्रज्ञ म्हणविण्याचा मला अधिकार नाही. परंतु शाळेत भूगोल शिकवीत असता ज्या एका विषयाने माझे मन वेधून घेतले आणि निवृत्तीनंतरही ज्याचे वाचन मी सोडले नाही, तो विषय म्हणजे पृथ्वीच्या थरांचा अभ्यास. त्यास स्तरविज्ञान असे नाव आहे. नाव भारदस्त असले, तरी विषय आपल्या पायाखालचा आहे. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची गावाकडे थोडीफार जमीन आहे, घर आहे, विहीर आहे. उन्हाळ्यात चार नातेवाईक एकत्र जमले की, विहीर आटल्याची आणि नवी बोअर मारल्याची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. आपण भूमी खणतो पुष्कळ, परंतु ती वाचत नाही. खणण्यापूर्वी वाचावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

थर म्हणजे काय, हे आपल्या माताभगिनींना निराळे सांगावयास नको. जुन्या घराची वर्षानुवर्षे शेणामातीने सारवलेली जमीन उखणली, तर सारवणाचे पापुद्रे एकावर एक बसलेले दिसतात. सर्वांत खालचा पापुद्रा पणजीच्या हातचा, त्यावरचा आजीच्या हातचा, वरचा आईच्या हातचा. मधल्या एखाद्या पापुद्र्यात राख किंवा कोळसा सापडला, तर त्या वर्षी घरात काहीतरी जळले होते, हेही कळते. घरातील कोणी ती हकीकत लिहून ठेवलेली नसते; जमिनीनेच ती ठेवलेली असते. पृथ्वीच्या बाबतीतही नियम हाच आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा.

हा नियम इतका साधा आहे की, तो कोणी शोधून काढावा लागला, हेच प्रथम खरे वाटत नाही. तथापि तो स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो १६६९ साली. मांडणारा निकोलस स्टेनो हा कोपनहेगनच्या एका सोनाराचा मुलगा. तो शिकला वैद्यक आणि नोकरीस होता इटलीतील फ्लॉरेन्सच्या दरबारी. १६६६ साली तेथील किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला. त्याचे डोके चिरून पाहण्याचे काम स्टेनोकडे आले. त्या माशाचे दात पाहून तो थबकला. कारण त्याच आकाराचे दगड डोंगरातील खडकांत सापडत असत आणि लोक त्यांना नाना प्रकारच्या अद्भुत गोष्टी चिकटवीत असत. हे दगड म्हणजे प्राचीन माशांचे दातच होत, असे त्याने प्रतिपादिले. मग सागरातील माशाचे दात डोंगरातील खडकात शिरले कसे? ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत तो थरांच्या नियमांपर्यंत पोहोचला. थर प्रथम आडवे साचतात, ते दूरवर पसरलेले असतात आणि खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. भूकंपादी कारणांनी थर कलले, मोडले किंवा क्वचित उलटेही झाले, तरी ते मूळचे आडवे होते हे ध्यानात ठेवून त्यांचा क्रम लावता येतो.

ह्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी स्कॉटलंडमधील जेम्स हटन ह्याने थरांतून काळाची थोरवी दाखविली. १७८८ साली तो आपल्या दोन मित्रांसह नावेतून सिकर पॉइंट नावाच्या समुद्रकाठच्या कड्यापाशी गेला. तेथे खालचे करडे थर भिंतीप्रमाणे उभे होते आणि त्यांच्या कापलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरले होते. हटनने अर्थ लावला तो असा: खालचे थर प्रथम समुद्रतळाशी आडवे साचले, दगड झाले, उभे उचलले गेले, ऊनपावसाने झिजून सपाट झाले आणि मग त्यावर नवे थर साचले. आज आपणांस ठाऊक आहे की, खालचे थर सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दोहोंमधील सहा कोटी वर्षांचा इतिहास त्या एका रेषेत लुप्त झाला आहे. पोथीची पाने गहाळ झाली तरी कोठून किती गहाळ झाली हे जाणकारास कळते, तसेच हे आहे.

परंतु ह्या शास्त्राचा खरा व्यवहारी पाया घातला तो एका खेड्यातील लोहाराच्या मुलाने. त्याचे नाव विल्यम स्मिथ. १७६९ साली इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यात त्याचा जन्म झाला. आठव्या वर्षी वडील गेले. शिक्षण गावच्या शाळेपुरतेच. जमीनमोजणीचे काम शिकून तो सॉमरसेटमधील कोळशाच्या खाणींवर आणि पुढे कोळसा वाहून नेणाऱ्या कालव्याच्या आखणीवर रुजू झाला. खाणीत उतरताना त्याच्या ध्यानात आले की, प्रत्येक खाणीत थर त्याच क्रमाने येतात. कालव्यासाठी मैलोगणती जमीन कापली गेली, तेव्हा ती कापलेली बाजू त्याला उघडलेल्या पुस्तकासारखी झाली. दोन थर दिसावयास अगदी सारखे असले, तरी त्यांतील शंखशिंपले निराळे असतात आणि त्या जीवाश्मांवरून कोणता थर कोणता हे बिनचूक सांगता येते, हा त्याचा मोठा शोध होय.

ह्या ज्ञानाच्या बळावर त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग ह्यांचा भूस्तरीय नकाशा तयार केला आणि १८१५ साली तो प्रसिद्ध झाला. सुमारे साडेआठ फूट लांबीचा हा नकाशा. प्रत्येक थराचा रंग हाताने भरलेला. परंतु त्या काळच्या लंडनमधील उमराव विद्वानांनी ह्या लोहारपुत्रास आपल्यात बसविले नाही. त्याने जमविलेले जीवाश्म त्याला पैशाच्या अडचणीपायी ब्रिटिश म्युझियमला विकावे लागले आणि १८१९ साली कर्जापायी काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. पुढे १८३१ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने आपले वुलस्टन पदक प्रथम त्यालाच दिले आणि इंग्लंडच्या भूविज्ञानाचा जनक म्हणून त्याचा गौरव केला. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी हे चरित्र अवश्य वाचावे, असे मला वाटते. डोळे उघडे ठेवून काम करणाऱ्या मनुष्याला त्याचे कामच शिकविते, हे त्यावरून कळते.

आता आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. त्यास शास्त्रात बेसाल्ट म्हणतात आणि ह्या साऱ्या प्रस्तरसमूहास दक्षिण ट्रॅप हे नाव आहे. ट्रॅप हा शब्द पायरी किंवा जिना ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटातून जाताना समोरच्या डोंगराकडे पाहावे. कातळाची उभी भिंत, तिच्यावर गवताचा उतार, पुन्हा भिंत, पुन्हा उतार, अशा पायऱ्या अगदी माथ्यापर्यंत चढत गेलेल्या दिसतात. ह्यांतील प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर अथवा काही थरांचा गट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला लांबच लांब भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला आणि पुरासारखा पसरला. तो थिजला की त्यावर पुन्हा दुसरा पूर. बहुतांश उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकले, असे अलीकडील कालमापन सांगते. आज शिल्लक राहिलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. अजिंठा व वेरूळ येथील लेणी ह्याच थरांत कोरलेली आहेत.

ह्या थरांची जाडी सर्वत्र सारखी नाही. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी जे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र २०१७ साली पूर्ण झाले, त्यात सव्वा किलोमीटरपर्यंत पाषाणाचे थर लागले आणि मग खाली जुना ग्रॅनाइटी खडक आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे छिद्र घेतले गेले, तेथे तीच जाडी सुमारे ३४० मीटर भरली. ह्या पाषाणाखाली आठ मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली पुन्हा तो प्राचीन खडक. नागपूरच्या आसपास तर दक्षिण ट्रॅपची कडच येते. सीताबर्डीची टेकडी पाषाणाची. शहराच्या पूर्वेस जुने खडक वर आलेले. त्याही पलीकडे चंद्रपूरकडे कोळसा असलेले थर आहेत. ते ज्या प्राचीन प्रस्तरगटात मोडतात, त्याला गोंड लोकांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव मिळाले आणि ते आज जगभरच्या भूविज्ञानात रूढ आहे.

आमच्या वर्गात मुले नेहमी एक प्रश्न विचारीत: "गुरुजी, लाव्हा एकदम आला की थांबून थांबून आला, हे कळले कसे?" प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर दोन थरांमधल्या सांध्यात आहे. घाटातील रस्ता कापलेला असेल, तेथे दोन काळ्या थरांमध्ये गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा पुष्कळदा दिसतो. एक लाव्हा थिजल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजला, त्याची माती झाली आणि त्यावर दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजली गेली. हा तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांतीची खूण. काही ठिकाणी ही विश्रांती इतकी दीर्घ होती की, तेथे तळी साचली आणि त्यांत जीवसृष्टी नांदली. १८४५ साली नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह नागपूरजवळ टाकळी येथे अशा मधल्या थरांतील जीवाश्म हुडकले आणि १८५५ साली त्यांविषयीचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख ह्या थरांत विपुल सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीजवळील अशाच थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले; रिचर्ड ओवेन ह्या विख्यात शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. अग्नीच्या दोन लाटांमध्ये बेडूक निर्धास्त डरांव डरांव करीत होते, हे त्या थराने सांगितले. पुढे बिरबल साहनी ह्यांनी ह्याच मधल्या थरांतील अश्मीभूत वनस्पतींचा कसून अभ्यास केला. लखनौच्या त्यांच्या संस्थेची कोनशिला जीवाश्म बसवून घडविलेली होती. ती ३ एप्रिल १९४९ रोजी बसविली गेली आणि त्यानंतर आठवड्याभरातच ते निवर्तले.

येथे एक अडचण होती. स्मिथला थर ओळखण्यास शंखशिंपले मिळाले. पण लाव्ह्यात जीवाश्म कोठून असणार? सगळा पाषाण काळाच. इगतपुरीचा थर आणि महाबळेश्वरचा थर ह्यांत आधीचा कोणता? १९८० च्या दशकात पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे देशी-विदेशी सहकारी ह्यांनी घाटाघाटांतून क्रमवार नमुने घेऊन त्यांचे रासायनिक पृथक्करण केले. दिसण्यात सारखे असलेले थर घटकद्रव्यांच्या प्रमाणात निराळे निघाले आणि त्यावरून क्रम लागला. त्या क्रमास आपल्याच गावांची नावे दिली आहेत. खालून वर ती अशी: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि बेळगावजवळचे देसूर. सह्याद्रीतील हे थर दक्षिणेकडे किंचित, एका अंशाहूनही कमी, कललेले आहेत. म्हणून उत्तरेस जे जुने थर डोंगरात उघडे दिसतात, ते दक्षिणेकडे जाता जाता जमिनीखाली जातात आणि नवे थर वर येतात. आपली गावे ज्या पायरीवर वसली आहेत, तिचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे, एवढी इच्छा बाळगणे वावगे होणार नाही.

एखादा थर किती महत्त्वाचा असू शकतो, ह्याचे एक उदाहरण देऊन मी व्यवहाराकडे वळतो. इटलीत गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचा सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा एक पट्टा आहे. त्याच्या खाली आढळणारे बहुतेक सूक्ष्म जीव त्याच्या वर आढळत नाहीत. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या पितापुत्रांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखविले की, त्या पट्ट्यात इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात अतिदुर्मीळ असलेला धातू अनपेक्षित प्रमाणात आहे. त्यावरून त्यांनी आकाशातून मोठा अशनी आदळला असल्याचे अनुमान काढले. पुढे मेक्सिकोत त्या आघाताचे प्रचंड विवर सापडले. काळ तोच, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर नष्ट झाले तो. आपल्याकडील लाव्ह्याचे पूरही त्याच सुमारास चालू होते, त्यामुळे त्या संहारात आपल्या सह्याद्रीचा वाटा किती, ह्यावर विद्वानांत वाद चालू आहे. बोटाच्या पेराहून बारीक असा तो पट्टा. पण कोणी बारकाईने पाहिला, म्हणून एवढी मोठी हकीकत उलगडली.

असो. आता आपल्या विहिरीकडे येऊ. गाळाच्या प्रदेशात वाळूच्या कणांमध्ये पाणी मुरते व साठते. आपला पाषाण तसा नाही. लाव्ह्याचा प्रत्येक थर सामान्यतः दोन भागांचा असतो. खालचा व मधला भाग घट्ट, कठीण. त्यात पाणी राहते ते केवळ भेगांत व सांध्यांत. वरचा भाग सच्छिद्र. कारण थिजताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले. पुढे त्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या, हिरवट स्फटिकांनी भरून गेल्या. विहीर खणणारे लोक ह्या ठिपकेदार खडकास मांजऱ्या म्हणतात. तो लवकर कुजतो, म्हणून त्यात पाणी धरण्याची शक्ती अधिक. सर्वांत वर मुरूम आणि माती. तेव्हा आपले पाणी मुख्यत्वे वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असते. चार महिन्यांचा पाऊस ह्याच उथळ कोठारात साठतो आणि आठ महिने पुरवावा लागतो.

आता बोअरचे काय होते ते पाहा. पाणाड्या हातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की जागा ठरते आणि यंत्र येते. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही की, आणखी शंभर फूट, मग आणखी शंभर. प्रत्येक फुटाचे पैसे मोजले जातात. घट्ट पाषाणात भेग लागली तर पाणी; न लागली तर केवळ भुगा. कर्ज काढून मारलेल्या कोरड्या बोअर आपल्या ज्ञातिबांधवांच्या शेतांतही आहेत, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. आणि खोल पाणी लागले, तरी ते खालच्या भेगांत अतिशय संथपणे मुरत आलेले असते. ते पंपाने उपसले तर एक-दोन पावसाळ्यांत भरून येत नाही. शिवाय बोअर वरच्या थरांतूनच गेलेली असते. ती उथळ कोठारातील पाणीही ओढते आणि शेजारच्या भावाची विहीर कोरडी पडते. मग भाऊबंदकीचा वाद कोर्टात जातो. त्या वादाचे मूळ सातबाऱ्यात नसून थरांत आहे, हे कोणी पाहत नाही.

ह्याच कारणास्तव महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ह्याने साठ मीटर वा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर मानून तिच्यासंबंधी निर्बंधांची तरतूद केली आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचा निर्णय केला आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत पाडली. हे गावही त्याच काळ्या पाषाणावर वसलेले आहे आणि पर्जन्यछायेत आहे. त्यांना निसर्गाने निराळे काही दिले नव्हते. पाणी कोणत्या थरात साठते हे जाणून ते तेथे मुरविले आणि मापाने काढले, एवढेच.

थर न वाचण्याची दुसरी किंमत ह्याहून जबर आहे. डोंगरउतारावर कठीण पाषाणाच्या पाठीवर कुजलेला खडक, मुरूम व माती ह्यांचा जाड थर बसलेला असतो. अतिवृष्टीत हा वरचा थर पाण्याने फुगतो, जड होतो, खालच्या कातळावरील त्याची पकड सुटते आणि तो सबंध खाली घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असे गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. नावे उच्चारतानाही जीव हळहळतो. घरासाठी वा रस्त्यासाठी उताराचा पायथा कापताना, झाडे तोडताना, ओढ्याची वाट बुजविताना कोणता थर कशावर टेकला आहे हे पाहणे म्हणूनच जिवाशी संबंध असलेले काम आहे. नव्या भेगा दिसणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ही लक्षणे दिसताच त्या जागेवरून माणसे हलवावीत. सामानाची चिंता मागाहून करता येते.

बंधुभगिनींनो, शिक्षकाची सवय म्हणून मी शेवटी थोडा गृहपाठ देणार आहे. आपल्यापैकी ज्यांच्या शेतात ह्यापुढे विहीर वा बोअर होईल, त्यांनी एक वही करावी. यंत्र चालू असता दर दहा फुटांनी वर येणारा भुगा मूठभर घ्यावा, जमिनीवर ओळीने मांडावा आणि वहीत लिहावे: इतक्या फुटांवर काळी माती, इतक्यावर मुरूम, इतक्यावर तांबडा पट्टा, इतक्यावर पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या, इतक्यावर घट्ट पाषाण, पाणी प्रथम लागले ते अमुक फुटांवर. हे काम घरातील आठवी-नववीतील मुलगी उत्तम करील. जुन्या विहिरींच्या बाबतीत ज्यांनी त्या खणल्या, अशा वयोवृद्धांना विचारून हीच माहिती लिहून घ्यावी. कारण ती माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही जाईल. एका विहिरीची नोंद फारसे काही सांगत नाही. परंतु एका गावातील वीस विहिरींच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तर कोणता थर कोठे चढतो, कोठे उतरतो, पाणी कोणत्या सांध्यात आहे, हे दिसू लागते. स्मिथने खाणीखाणींतून हेच केले. अशा नोंदी जिल्ह्याच्या भूजल कार्यालयातील जाणकारांना दाखवाव्यात, पुढच्या बोअरवर पैसा घालण्याआधी त्यांचे मत घ्यावे आणि मगच यंत्र बोलवावे.

आणखी एक विनंती मंडळास आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो. त्यांतील बहुतेकांचे लक्ष वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाकडे असते, ते स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने भूविज्ञान हा विषय घेतला, तर त्यास मंडळाने आवर्जून साहाय्य करावे. पुढील पन्नास वर्षांत आपल्या गावांना डॉक्टरइतकीच पाण्याचा थर ओळखणाऱ्या माणसाची गरज भासणार आहे.

आपल्या पूर्वजांनी वंशावळी जपल्या. दहा-बारा पिढ्यांपलीकडे त्या जात नाहीत. ज्या भूमीवर त्या पिढ्या जगल्या, तिची वंशावळ कोट्यवधी वर्षांची आहे आणि ती घाटातल्या प्रत्येक कापलेल्या दरडीत उघडी आहे. ती वाचण्यास मोठ्या विद्येची आवश्यकता नाही. क्रम ध्यानात ठेवावा आणि जे दिसले ते लिहून ठेवावे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान पाच-सात कुटुंबांनी अशा वह्या सुरू केल्या आणि पुढील संमेलनात त्या येथे आणल्या, तर आजच्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन. त्या वह्या एकत्र जुळविण्याचे काम मी आनंदाने करीन.